कांद्याच्या कोठारातला पंखा

दार उघड की, मी म्हटलं,
बाहेर वाराच वारा आहे. या पोल्डरवर दुसरं पिकतं काय?
कांदे, बटाटे आणि पश्चिमेचा वारा.

विब्रेननं मानही वर केली नाही.
"तो वारा नव्हे, ती गर्दी. कोपरं मारत येते.
मला रांगेत चालणारा वारा हवाय."

गॅरेजच्या फरशीवर खडूनं काढलेला चौकोन,
साठ सेंटिमीटर बाय साठ.
यातून हवा जाणार, सेकंदाला पंधरा मीटर.
"म्हणजे सेकंदाला पाच घनमीटर आणि वर थोडी.
तुझ्या स्वैपाकघरातली पाच कपाटं
एका उचकीच्या वेळात रिकामी करायची."
मी माझी कपाटं आठवली. एक तर उघडतच नाही.

टेबलावर माझी तीनचाकी, पाचपट लहान,
थर्मोकोलची, पोटीन घासून गुळगुळीत केलेली.
चौकोनाच्या विसाव्या हिश्शाहून मोठी नको म्हणे,
नाहीतर हवा भिंतींना घासत जाते
आणि खोटे आकडे सांगते.

दुप्पट वेगाला आठपट वीज लागते.
मग निम्म्यावर भागवू, मी म्हटलं.
"निम्म्यावर तुझी गाडी नऊ ग्रॅमनं मागे ओढेल.
नऊ ग्रॅम म्हणजे दोन कोरे कागद.
माझ्या हाताच्या कापऱ्यातच हरवून जातील."

एकतीस वर्षं त्यानं पंपघर सांभाळलं.
आम्ही उभे होतो तो समुद्राचा तळ,
आणि तो कोरडा राहिला
कारण हा माणूस रात्री दोनला उठून काटे बघायचा.
पाटीवरच्या आकड्याला तो भुलत नाही.
"हा आकडा मोकळ्या हवेतला.
समोर काही नसताना सगळेच शूर.
पुढे जाळी लाव, अरुंद गळा लाव,
मग बघ किती उरतो."

म्हणून एक माप मोठा पंखा घ्यायचा ठरला.
आउके नाउतानं दिला, कांदे सुकवायच्या कोठारातला,
ऐंशी सेंटिमीटर पात्यांचा, दीड किलोवॅट.
पैसे नको म्हणाली, फक्त नेताना दार लावा.

पहिल्या दिवशी फ्यूज गेला.
दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचाही.
तिसऱ्या दिवशी पंखा फिरला, आणि त्याच्या पोटातून
वीस हंगामांची सालं बाहेर पडली,
तांबूस, पिवळी, कागदासारखी,
बोगद्यात भोवऱ्यासारखी गरगरत
माझ्या गाडीवर आदळली.

विब्रेन हसला. मी त्याला हसताना फार पाहिलं नाही.
"बघ, पातं हवेला पीळ देतं.
पाण्याचंही तसंच. विसरलोच होतो.
ढकलायची नाही, ओढायची."

मग सगळं उलटं केलं.
पंखा शेपटाला. तोंडाशी स्ट्रॉची जाळी,
हजारो स्ट्रॉ, त्याच्या नातीनं चिकटवलेले,
काही वाकडे, काही गुलाबी.

एक साल मागे राहिलं होतं, बोटाच्या नखाएवढं.
ते मी नाकाडाच्या अलीकडे सोडलं.
सरळ आलं. काचेवरून चढलं,
माझं डोकं असतं त्या फुगवट्यावरून घसरलं,
आणि मागच्या चाकाच्या वर,
जिथे मी हौसेनं डबा बसवला होता,
तिथे थांबलं.
थरथरत, जागच्या जागी, वाऱ्यात असून वाऱ्याबाहेर.

काट्यावर एकेचाळीस ग्रॅम.
डबा कापल्यावर चौतीस.

सात ग्रॅम, मी म्हटलं. एवढ्यासाठी?
विब्रेन खडू पुसत होता.
"तू रोज अठ्ठावीस किलोमीटर जातेस ना?
आणि परत?"

संध्याकाळी बांधावरून घरी निघाले.
ती गर्दी समोरून आलीच, कोपरं मारत.
तिला जाळी माहीत नाही, चौकोन माहीत नाही.
माझ्या बाहीला कांद्याचा वास होता.
डबा नव्हता म्हणून पाव मांडीवर ठेवला होता,
आणि तो उडू नये म्हणून
एका हातानं गाडी चालवत होते.